आज कोण आले नाही?

गेल्या वर्षावासात शेजारच्या गावच्या एक उपासिका आमच्या विहारात आल्या. त्यांच्या घराने दोनच वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेली. धाकट्या दिराने जीव दिला, त्याला आठ दिवस झाले होते. ग्रंथवाचन संपून सगळे उठेपर्यंत त्या खांबाला टेकून बसून राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "गुरुजी, त्याचं पुण्यानुमोदन करता येते का? लोक म्हणतात, त्यानं पहिलं शील मोडलं. अशासाठी वंदना म्हणू नये म्हणतात."

मी त्यांना तिथल्या तिथे होकार दिला, आणि येत्या रविवारी आम्ही दहा-बारा जण त्यांच्या घरी गेलो. परंतु त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या बंधू-भगिनींनो, तुमच्याही वस्तीत, तुमच्याही नात्यात असा प्रसंग येईल. तेव्हा तुम्हांला कोणीतरी हाच प्रश्न विचारील. म्हणून त्याचा विचार आज करू या.

शील म्हणजे काय, हे आधी पाहा. शील हा दुसऱ्याने आपल्यावर लादलेला कायदा नव्हे. पंचशील आपण स्वतः ग्रहण करतो. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांतील भेद समजावून दिला आहे, आणि तथागतांची अहिंसा ही तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे स्पष्ट केले आहे. मग मेलेल्या माणसाच्या अंगाला शिलाची फूटपट्टी लावून "हा पास, हा नापास" असे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय धम्मात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. ज्याचे मनच आजाराने ग्रासले आहे, ज्याला मरणापलीकडची वाट दिसेनाशी झाली आहे, त्याचा हेतू निरोगी माणसाच्या हेतूसारखा मोजता येईल काय? तापात बडबडणाऱ्याला आपण खोटे बोलला म्हणून दोष देत नाही.

आता विनयपिटकातील एक प्रसंग सांगतो. तथागत वैशालीजवळ होते. भिक्खूंना त्यांनी शरीराच्या अशुभतेचे ध्यान सांगितले आणि पंधरा दिवस ते एकांतात राहिले. जेवण पोचविणाऱ्या एका भिक्खूवाचून कोणी जवळ यावयाचे नाही, अशी त्यांची सूचना होती. इकडे त्या ध्यानाने कित्येक भिक्खूंना स्वतःच्या देहाची किळस आली. काहींनी स्वतःच जीव दिला, काहींनी तो दुसऱ्याकडून घेववला. पंधरवडा संपल्यावर तथागत बाहेर आले. त्यांनी प्रथम काय केले? त्यांनी संघाकडे नजर टाकली आणि आनंदाला विचारले की संघ इतका विरळ का झाला आहे. आनंदाने सर्व सांगितले आणि दुसरी एखादी साधना द्यावी अशी विनंती केली. तथागतांनी उरलेल्या भिक्खूंना एकत्र बोलावून आनापानसती, म्हणजे श्वासावरची स्मृती शिकविली. गेलेल्यांची निर्भर्त्सना केली नाही. त्यानंतर जो नियम केला तो दुसऱ्याचा जीव घेणाऱ्याविरुद्ध, मरणाची स्तुती करणाऱ्याविरुद्ध आणि दुसऱ्याला मरणास प्रवृत्त करणाऱ्याविरुद्ध होता.

हा प्रसंग मी पुष्कळदा वाचला आहे, आणि दर वेळी मला त्यातील एकच गोष्ट अडविते. तथागतांनी माणसे मोजली. कोण नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि ज्या उपदेशाने माणसे मरणाकडे गेली, तो उपदेशच त्यांनी बदलला. आपण काय करतो? आपण उपदेश जसाच्या तसा ठेवतो आणि माणसाला दोष देतो.

हे मी दुसऱ्याला उद्देशून लिहीत नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदाचे दिवस होते. आमच्याच वस्तीतला एक शेतकरी, तीन एकर कोरडवाहू, कपाशी दोनदा पेरावी लागलेली, मुलीच्या लग्नाचे कर्ज निम्मे सावकाराचे, निम्मे बचत गटाचे. रोज वाचनाला येणारा माणूस. एका रात्री सगळे गेल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "गुरुजी, आता पुरं झालं असं वाटते." मला वाटले, याला वैराग्यावर चर्चा करावयाची आहे. मी त्याला दुःख, तृष्णा, अष्टांगिक मार्ग असे अर्धा तास ऐकविले. शेवटी तथागतांचा अत्तदीप होण्याचा उपदेश सांगितला: दुसऱ्याकडे पाहू नकोस, तुझा दिवा तूच. तो "जयभीम" म्हणून घरी गेला. तिसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या दवाखान्यात होता. फवारणीचे औषध प्याला होता. (त्या विषाला आपण खेडोपाडी 'औषध' म्हणतो, हेही एक नवलच.) तो वाचला. महिन्याने घरी आल्यावर मी भेटावयास गेलो, तेव्हा तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुम्ही नुसतं इचारलं असतं का, बापू, काय पुरं झालं, तं मी तिथंच रडलो असतो."

तेव्हापासून अत्तदीप या शब्दाचा अर्थ मी पुन्हा शिकलो. तथागतांनी तो उपदेश केला तो देव, पुरोहित आणि ग्रंथप्रामाण्य यांना शरण जाणाऱ्यांसाठी. माझ्या दुःखाचे कारण माझे नशीब नव्हे, ते मला समजून घेता येते आणि दूर करता येते, असा त्याचा अर्थ. तुझे दुःख तू एकट्याने वाहा, असा तो अर्थ मुळीच नव्हे. आनंदाने एकदा म्हटले, कल्याणमित्राची सोबत म्हणजे अर्धे धम्मजीवन होय. तथागतांनी त्याला दुरुस्त केले: अर्धे नव्हे, संपूर्ण. आणि अतिसाराने लोळागोळा होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, बिछान्यावर निजविले आणि मग संघाला बजावले की घरदार सोडून आलेल्या तुम्हांला आता आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहील. शरीराच्या आजाराला जे लागू, ते मनाच्या आजाराला लागू नाही काय?

आपल्याकडे आणखी एक समजूत घट्ट आहे. बाबासाहेबांची लेकरे रडत नाहीत, म्हणतात. बाबासाहेब स्वतः काय करीत होते? १९२६ साली त्यांचा लाडका मुलगा राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले मोडलेले मन उघडे केले. महाडचा सत्याग्रह त्याच्या पुढच्याच वर्षीचा. ज्या माणसाने कोट्यवधींना उभे केले, त्यालाही आपले दुःख एका मित्राला सांगावेसे वाटले. आपण मात्र आपल्या तरुण मुलांना सांगतो, मर्दासारखा राहा.

आणि ज्यांच्या मनात मरणाचा विचार येऊन गेला ते धम्माला अपात्र, असे तर कदापि नाही. थेरीगाथेत सिंहा नावाची थेरी आहे. सात वर्षे तिच्या मनाला शांती नव्हती. ती जीव देण्याच्या कडेपर्यंत गेली, आणि तिथेच तिचे चित्त मुक्त झाले. थेरगाथेत सप्पदास थेराची हकीकत अशीच आहे. त्याची तर पंचवीस वर्षे अशांततेत गेली होती. ज्यांनी ही वचने जतन केली त्यांनी हे झाकून ठेवले नाही. अर्हतांच्या पंक्तीत त्यांना बसविले. मग आपल्या घरातील मुलीने एकदा तसा प्रयत्न केला म्हणून ती गोष्ट सोयरिकीच्या भीतीने दहा वर्षे का लपवावी?

आता कर्माविषयी. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत जुनी भाषा राहून जाते, हे स्वाभाविक आहे. "त्याचे मागच्या जन्मीचे भोग" असे एखादी आजी म्हणून जाते. तिला रागावू नका, पण ते वाक्य तिथेच थांबवा. मागील जन्माच्या पापाने आजचे दारिद्र्य आणि आजचे दुःख येते हा सिद्धांत बाबासाहेबांनी का नाकारला? कारण त्या सिद्धांताने दुःखिताला दोषी ठरविले जाते आणि समाजाची जबाबदारी सुटते. अस्पृश्यतेच्या बाबतीत आपल्याला हे पटले. मनोव्यथेच्या बाबतीत पटू नये असे काय आहे?

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो. दीक्षेपूर्वी आपल्या वस्तीत कोणी उदास झाला, जेवेनासा झाला, रात्र-रात्र जागू लागला, की घरची माणसे त्याला देवऋष्याकडे नेत. तो लुबाडीत असे, अंगारे-धुपारे करीत असे, प्रसंगी मारहाणही होत असे. आपण ते दार बंद केले, ते योग्यच केले. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर दुसरे काय करणार? पण त्या खोट्या दारापाशी एक खरी गोष्ट घडत असे. चार नातेवाईक त्या माणसाला मध्ये घेऊन बसत, आणि कोणीतरी त्याला विचारी, तुला काय होते आहे? ते दार बंद करताना आपण दुसरे उघडले काय? कित्येक घरांत आज अशी स्थिती आहे की देवऋष्याकडे जाणे लाजेचे, कारण आपण बौद्ध. आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणे लाजेचे, कारण लोक वेडा म्हणतील. मधल्या मध्ये माणूस एकटा पडतो. कोणी चोरून देवऋष्याकडे गेलेच, तर त्याला विहारात उभे करून जाब विचारू नका. त्याच्यासोबत जिल्हा रुग्णालयाची एस.टी. धरा. तेथे मनोविकार विभाग असतो, आणि तेथील औषधे ही खरी औषधे असतात.

हा प्रश्न किती मोठा आहे ते थोड्या आकड्यांत सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. शेतीवर जगणाऱ्यांची संख्या ११,२९०, आणि त्यांत शेतमजूर ६,०८३, म्हणजे जमीनवाल्या शेतकऱ्यांपेक्षा अधिक! आपल्या समाजातील बहुसंख्य खेडुतांकडे सातबारा नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. शेतकरी गेला तर 'पात्र-अपात्र' ठरविणारी समिती तरी बसते. मजूर गेला तर त्याच्या मरणाचा कागदही पुढे सरकत नाही. त्याची बायको दुसऱ्या दिवशी निंदणाला जाते. तेव्हा कर्जमाफी, हमीभाव, मजुरी आणि जमीन यांसाठीचा लढा हा या प्रश्नाचाच भाग आहे, आणि मन मोकळे केले की सर्व ठीक होईल असे सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. परंतु कर्ज फिटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, हेही तितकेच खरे.

त्यासाठी सामान्य माणसे काही करू शकतात काय? शकतात. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा एक उपक्रम झाला. त्यात गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले होते. ती घरोघर जात, उदासपणा हा आजार आहे आणि तो बरा होतो हे समजावून देत, बोलत, ऐकत, आणि गरज पडेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवीत. २०१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आरंभी नैराश्याने पिडलेल्या शंभरांतील जेमतेम चार जण उपचार घेत होते; दीड वर्षाने ते प्रमाण सत्तावीसवर गेले. शंभरांत सत्तावीस म्हणजे फार नव्हे, पण चारांचे सत्तावीस ज्यांनी केले ते बहुतेक तुमच्या-आमच्यासारखेच होते.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे, म्हणजे एका बौद्ध देशाचे. १९९५ च्या सुमारास आत्महत्यांच्या प्रमाणात तो देश जगात अगदी वरच्या क्रमांकांत होता, आणि खेड्यांत मुख्य साधन शेतीचे विष हेच होते. तेथील सरकारने अतिजहाल कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली. पुढील वीस वर्षांत प्रमाण सत्तर टक्क्यांनी खाली आले, आणि शेतीचे उत्पन्न घटले नाही. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मरणाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या घटकेला विष हाताशी नसेल, तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. तेथेच घरोघर कुलपाच्या पेट्या वाटूनही पाहिले. तेवढ्याने फरक पडला नाही, असे २०१७ च्या अभ्यासात दिसले. किल्ली घरातच असते ना! म्हणून फवारणीचे औषध घरात साठवूच नये, लागेल तेवढेच आणावे. तामिळनाडूतील काही गावांत सामाईक भांडार करून पाहिले आहे, तसे चार घरांनी मिळून एका जागी ठेवता आले तर अधिक चांगले. आपला वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत. कपाशीची फवारणीही त्याच दिवसांत. म्हणजे ज्या महिन्यांत प्रत्येक घराच्या आढ्याला विषाची बाटली असते, त्याच महिन्यांत आपण रोज संध्याकाळी एकत्र बसतो. याहून चांगला योग कोणता?

मग तिथे काय करावे? कोणी आठवडाभर आला नाही, कोणी आपली आवडती वस्तू वाटून टाकू लागला, दारू एकदम वाढली, "माझ्यामागे पोरांकडे पाहा" असे बोलला, तर त्याच्या घरी जा. आणि सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो काय?" असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणसाचे ओझे उतरते. तो बोलू लागला की उपदेश करू नका. माझी अर्ध्या तासाची चूक तुम्ही करू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातील विष आणि तशा वस्तू दूर करा, त्याच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, आणि १४४१६ हा दूरध्वनी फिरवा. २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी 'टेली-मानस' सेवा रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली रंगवून घ्या. आम्ही घेतला आहे. प्रथम काहींना ते शोभेसे वाटले नाही.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. तो म्हणाला, "कुणाला सांगणार नाही असा शब्द द्या," तर? दिलेला शब्द मोडणे हे असत्य नव्हे काय? माझे उत्तर असे: असा शब्द देऊच नये. त्याच्या तोंडावर सांगावे, की हे मला एकट्याला पेलणार नाही, मी तुझ्या भावाला आणि डॉक्टरला सांगणार, आणि तुला सोबत घेऊनच सांगणार. गडबडीत शब्द देऊन बसलात तर तो मोडा. तो रागावेल. जिवंत माणसाचा राग काढता येतो.

आणि पोलिसांचे भय सोडा. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ प्रमाणे हा प्रयत्न गुन्हा होता. त्या धाकाने घरची माणसे डॉक्टरला "पोट दुखते" असे खोटे सांगत आणि उपचार चुकत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे लागते आणि त्याची शुश्रूषा करणे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम आलेच नाही. रुग्णालयात नोंद होईल, जबाब घेतील, तो द्या. काय प्यायला ते मात्र पहिल्या मिनिटाला खरे सांगा, बाटली सोबत न्या.

त्या उपासिकेच्या घरी आम्ही गेलो त्या रविवारची गोष्ट सांगून थांबतो. त्रिशरण-पंचशील झाले. मग मी काही बोलावे अशी सर्वांची अपेक्षा होती. मी एवढेच म्हणालो, की तो कसा होता ते सांगा. बराच वेळ कोणी बोलेना. मग त्याची आई म्हणाली, त्याला भजे फार आवडत. एक मित्र म्हणाला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा दर वर्षी तोच धरी. असे तासभर चालले. त्याच्या बायकोला पहिल्यांदा रडू आले ते तेव्हा. उठताना आमच्यातील दोघी उपासिकांनी तिला सांगितले, की आम्ही दर बुधवारी येऊ. त्या अजून जातात.

आमच्या वस्तीतील तो तीन एकरवाला आता वाचनाच्या वेळी दाराजवळ बसतो. कर्ज पुरते फिटलेले नाही. परवा मी ग्रंथ उघडला, तो त्याने मागून हाक दिली, "गुरुजी, थांबा. आज कोण आलं नाही?" आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. वरच्या गल्लीतला एक पोरगा चार दिवसांपासून दिसला नव्हता. तो उठला, बॅटरी घेतली, सोबत एकाला घेतले आणि निघाला. त्या दिवशी वाचन अर्धा तास उशिरा सुरू झाले.